‘गोळ्या खाऊन रोग पसरवतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी रात्री साडेनऊला नागपूरजवळच्या वाडीहून एका ट्रक ड्रायव्हरचा फोन आला. मी एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक होते, तेव्हापासूनची ओळख. २०१३ पासून तो औषधं घेतो. गाडी गुवाहाटीला जावो की कोच्चीला, गोळ्यांची डबी केबिनमध्ये असतेच. बायको निगेटिव्ह, दोन्ही पोरं निगेटिव्ह. त्या रात्री मात्र आवाज पार बसला होता. म्हणाला, "ताई, म्हंजे मी इतके वर्सं घरच्याइले धोक्यात ठेवलं का जी?"

त्याच्या गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. दोनच दिवसांत तोच मेसेज मनीषनगरात राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माझ्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. वर लिहिलेलं, ‘विदर्भातील सर्व पालकांनी वाचावे’. खालचा मजकूर थोडक्यात असा: एड्सचे रुग्ण आता गोळ्या खाऊन धडधाकट दिसतात आणि गुपचूप रोग पसरवतात, म्हणून फुकट औषधं बंद करा. कंडोमला विषाणूपेक्षा मोठी छिद्रं असतात. हा रोग नागपुरातल्या गंगा-जमुनासारख्या देहविक्रयाच्या वस्त्यांचा आहे, सभ्य घरांना भीती नाही. लागण टाळण्याची नवी गोळी म्हणजे स्वैराचाराचा परवाना. गुप्तरोग झाला तर औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणा, तपासण्यांच्या नादी लागू नका. हे सगळं संशोधन परदेशी कंपन्यांचा धंदा आहे. बाधितांची नावं जाहीर करा. आणि शेवटी, एका पाणीपुरीवाल्याने पाण्यात रक्त मिसळल्याची गोष्ट.

ड्रायव्हरला या मेसेजला उत्तर देता येत नाही. दिलं, तर ग्रुपवरचा कोणीही विचारेल, तुले एवढं कसं माहीत बाप्पा? ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय त्यातल्या बहुतेकांची हीच अडचण आहे. म्हणून मी लिहिते आहे.

‘गोळ्या खाऊन धडधाकट दिसतात आणि रोग पसरवतात’

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि ती आनंदाची गोष्ट आहे. १ एप्रिल २००४ ला सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. त्याआधीचे वॉर्ड ज्यांनी पाहिलेत, त्यांना ‘धडधाकट’ या शब्दाची किंमत कळते. तिशीतली माणसं, अंगावर कातडी तेवढी उरलेली, तोंडात पांढरी बुरशी, सोबतीला फार तर आई. आज तीच माणसं हिंगणा एमआयडीसीत शिफ्ट करतात, शेतं कसतात, पोरांची लग्नं लावतात.

दुसरा अर्धा भाग खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचं नुसतं म्हटलेलं नाही, मोजलेलं आहे.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे डॉ. मायरन कोहेन यांनी अनेक वर्षं एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. औषधाने रक्तातला विषाणू दबतो, तर मग जोडीदाराला होणारी लागणही थांबते का? त्यासाठी नऊ देशांतली १,७६३ जोडपी घेतली. प्रत्येक जोडप्यात एकजण बाधित, दुसरा नाही. त्यात आपल्या पुण्यातली जोडपी होती, चेन्नईतलीही होती. अभ्यासाचं नाव एचपीटीएन ०५२. साधारण अर्ध्या जोडप्यांत बाधित जोडीदाराला लगेच औषध सुरू केलं. उरलेल्यांना त्या काळच्या पद्धतीप्रमाणे, प्रतिकारशक्ती खालावल्यावर. कंडोम आणि समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच.

२०११ मध्ये आकडे पाहिले तेव्हा घरच्याच जोडीदाराकडून झालेल्या २८ लागणी सापडल्या. त्यातल्या २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होत्या. लगेच औषध मिळालेल्या गटात एक, आणि तीही औषध सुरू होण्याच्या सुमाराची, म्हणजे विषाणू दबायच्या आधीची. घट ९६ टक्के. देखरेख समितीने निकाल जाहीर करायला लावला आणि राहिलेल्या सगळ्यांना औषध देऊ केलं गेलं. पुढे २०१५ पर्यंत पाठपुरावा झाला, तेव्हाही घट ९३ टक्के होती.

लागण घरच्याच जोडीदाराकडून झाली हे कसं कळलं, असं मला बायका विचारायच्या आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. विषाणूची वंशावळ वाचता येते. दोघांच्या रक्तातल्या विषाणूची जनुकं ताडून पाहिली की तो एकाच घराण्यातला आहे की बाहेरून आलेला, ते समजतं.

ही तपासणी युरोपातल्या पार्टनर नावाच्या अभ्यासात फार उपयोगी पडली. तिथे ८८८ जोडपी होती. बाधित जोडीदार औषधावर, रक्तात विषाणू दबलेला, आणि ही जोडपी कंडोम न वापरणारी. त्यांच्यात सुमारे ५८ हजार वेळा विनाकंडोम संबंध आले. त्या काळात ११ जणांना नव्याने एचआयव्ही झाला. पण अकराही जणांचा विषाणू घरच्या जोडीदाराच्या विषाणूशी जुळला नाही, तो बाहेरून आलेला होता. औषधावरच्या जोडीदाराकडून आलेली लागण शून्य. २०१९ मध्ये दुसरा टप्पा आला. त्यात ७८२ समलिंगी पुरुष जोडपी, सुमारे ७६ हजार वेळा विनाकंडोम संबंध. उत्तर पुन्हा शून्य.

हे घडतं कसं? एचआयव्ही आपल्या सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशीत शिरतो, स्वतःची नक्कल तयार करतो, ती पेशीच्या जनुकांत शिवून टाकतो आणि मग तिथून हजारो विषाणू बाहेर पडतात. आपल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रात, मिळणाऱ्या एका गोळीत तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन नक्कल होऊ देत नाहीत, डोलुटेग्राविर ती शिवू देत नाही. रोज गोळी पोटात गेली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की यंत्रालाही सापडत नाही. मग वीर्यातून, योनिस्रावातून पसरायला तो उरतच नाही. दडून बसलेल्या काही पेशींत असतो, म्हणून गोळी सोडता येत नाही.

याच्या अटीही सांगायलाच हव्यात. गोळी सुरू केल्यावर विषाणू दबायला सहा महिनेही लागू शकतात, तोवर कंडोम हवाच. गोळ्या सुटल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा उसळतो. लागण शून्य म्हणतो ती लैंगिक संबंधांबाबत. अंगावर पाजणाऱ्या आईकडून बाळाला होणारी लागण औषधाने खूप कमी होते, पण तिथे शून्य म्हणता येत नाही, म्हणून बाळालाही औषध देतात आणि तपासतात. आणि या गोळीने गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया) यांसारखे दुसरे गुप्तरोग टळत नाहीत.

आता मेसेजमधली मागणी पुन्हा वाचा. फुकट औषधं बंद करा. म्हणजे ज्यांचा विषाणू आज दबलेला आहे, त्यांचा पुन्हा उसळू द्या. लागण वाढवायचा याहून हमखास उपाय मला सुचत नाही. भारताने २०१७ मध्ये उलट ठरवलं. सीडी-४ कितीही असो, निदान झालं की औषध सुरू. त्यामागे पुण्या-चेन्नईतल्या जोडप्यांनी वर्षानुवर्षं दिलेले रक्ताचे नमुने आहेत.

ड्रायव्हरला मी त्याच रात्री शेवटचा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातला विषाणू मोजल्याचा, कागद शोधायला लावला. गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत होता. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, विषाणू सापडला नाही. मी म्हटलं, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, भाऊ. पलीकडे तो बराच वेळ काही बोलला नाही.

‘हा त्या वस्तीतला रोग आहे’

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण या वाक्यावर विसंबून राहिलेल्या किती बायका मी टेबलापलीकडे पाहिल्या आहेत.

भारतात एचआयव्ही सापडला १९८६ साली, चेन्नईत. शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि ते वेल्लोरला तपासले गेले. पहिले नमुने त्या बायकांचे होते, म्हणून रोगही त्यांचाच, असं साऱ्या देशाने तेव्हाच ठरवून टाकलं. डॉ. सुनीती यांनी पुढे वडिलांच्या नावाने केंद्र काढलं आणि आयुष्यभर हा समज खोडत राहिल्या. त्यांच्याकडे येणाऱ्यांत नवऱ्याशिवाय कोणाला न ओळखणाऱ्या बायका होत्या.

मग पुणे. डॉ. रमण गंगाखेडकर हे नाव आपल्या घराघरांत कोविडच्या काळात पोचलं, रोजच्या पत्रकार परिषदेतून. त्याआधीची त्यांची दोन-अडीच दशकं एचआयव्हीत गेलेली आहेत, पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आणि तिच्या अवतीभवतीच्या दवाखान्यांत. १९९३ ते १९९६ या काळात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांची पाहणी केली. देहविक्रय करणाऱ्या बायका त्यात होत्याच, पण ३९१ बायका अशा होत्या की त्यांचा त्या व्यवसायाशी संबंध नव्हता. बहुतेक लग्न झालेल्या, आयुष्यात एकच पुरुष पाहिलेल्या. त्या ३९१ पैकी १३.६ टक्के बायकांना एचआयव्ही होता. १९९७ मध्ये हा शोधनिबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यात दिसलेला धोका एका ओळीत मावतो. या बायकांच्या बाबतीत धोक्याचं वागणं त्यांचं नव्हतं, नवऱ्याचं होतं.

या निष्कर्षाने कामाची दिशा बदलायला हातभार लावला. नुसतं ‘तिथे जाऊ नका’ सांगून भागणार नव्हतं. नवऱ्याची तपासणी, जोडप्याचं एकत्र समुपदेशन, गरोदरपणात प्रत्येक बाईची तपासणी, हे सगळं लागणार होतं. आज नागपूरच्या डागा किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत नाव नोंदवायला गेलेल्या गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी होते ती यासाठी. उपाय काहीच केला नाही तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेत औषध मिळालं तर पाच टक्क्यांच्याही खाली येते.

मेसेज लिहिणाऱ्याला ‘सभ्य घर’ म्हणून जे म्हणायचं आहे, त्याबद्दल आपल्या शहराने २०२२ मध्ये काय वाचलं तेही आठवावं. थॅलेसेमिया असलेल्या चार मुलांना रक्त चढवल्यानंतर एचआयव्ही झाल्याची बातमी आली, त्यातलं एक मूल गेलं होतं, आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. नेहमीच्या तपासणीत लागणीचे पहिले काही आठवडे सुटू शकतात. न्यूक्लिक अ‍ॅसिडची (थेट विषाणूची जनुकं शोधणारी) तपासणी केली तर हा आंधळा काळ दहा-बारा दिवसांवर येतो. प्रश्न तपासणीच्या दर्जाचा आहे. त्या मुलांच्या चारित्र्याबद्दल मेसेजवाल्याचं काय म्हणणं आहे, मला ऐकायचं आहे.

आणि गंगा-जमुनाबद्दल. लागण कमी झाली, ती त्या वस्त्यांना टाळून झालेली नाही, तिथे जाऊन झाली. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना १९९२ मध्ये सर्वेक्षणाला गेले तेव्हा कंडोमचा वापर जवळपास नव्हता. त्यांनी बाहेरून उपदेशक नेले नाहीत. तिथल्याच बायकांना प्रशिक्षण दिलं, त्यांनाच आरोग्यसेविका केलं, आणि गिऱ्हाईक, मालकीण, पोलीस या सगळ्यांशी बोलणी त्यांनीच केली. काही वर्षांत बहुसंख्य बायका कंडोमचा आग्रह धरू लागल्या. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायला पाठीशी शेजारीण लागते, हे त्यांना दिसलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी गंगा-जमुनाची नाकाबंदी केली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला की आता या बायका कुठे पांगतील आणि त्यांच्या औषधांचा, तपासणीचा माग कोण ठेवेल. एका गल्लीत राहणाऱ्या बाईला महिन्याला भेटता येतं. भाड्याच्या खोलीत लपलेल्या बाईला शोधावं लागतं. वस्ती नजरेआड झाली म्हणून विषाणू नजरेआड होत नाही.

‘कंडोमला विषाणूपेक्षा मोठी छिद्रं असतात’

एचआयव्हीचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, हे खरं. पण विषाणू हवेत सुटा उडत नाही. तो वीर्यात, स्रावात, पेशींमध्ये असतो, आणि कंडोम पाणीसुद्धा झिरपू देत नाही. कारखान्यात तेच तपासतात. पण छिद्राच्या वादात शिरायचंच कशाला? माणसांवरचा पुरावा आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या अभ्यासात एक बाधित, एक अबाधित अशी १२४ जोडपी दर वेळी न चुकता कंडोम वापरत होती. सुमारे १५ हजार वेळा संबंध आले, लागण एकही नाही. कधी वापरला, कधी नाही, अशा जोडप्यांत मात्र दर वर्षी शंभरात जवळपास पाचजणांना लागण झाली. तेव्हा प्रभावी औषधंही नव्हती.

कंडोम फसतो तो न वापरल्याने, उशिरा चढवल्याने, पाकिटात महिनोन् महिने दाबून ठेवल्याने, वर खोबरेल तेल लावल्याने. तेलाने लॅटेक्स कमकुवत होतं. ट्रकवाल्यांच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं की मागच्या रांगेत कोणीतरी मान खाली घालायचंच.

‘नवी गोळी म्हणजे स्वैराचाराचा परवाना’

या गोळीला प्रेप म्हणतात. एचआयव्ही नसलेल्या माणसाने लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची. केनिया आणि युगांडात डॉ. जेरेड बेटन आणि डॉ. कॉनी सेलम यांनी ४,७४७ जोडप्यांवर ती वापरून पाहिली. नीट वाचा, जोडपी. एकजण बाधित, दुसरा नाही, संसार चालू. २०१२ मध्ये निकाल आला. दोन औषधांची गोळी घेणाऱ्या गटात लागण ७५ टक्क्यांनी घटली, आणि ज्यांच्या रक्तात औषध सापडत होतं त्यांच्यात आणखी जास्त. ही स्वैराचाराची गोष्ट आहे, असं कोणाला म्हणायचं असेल तर त्याने माझ्यासमोर बसलेल्या एका बाईला म्हणून दाखवावं. नवरा नुकताच पॉझिटिव्ह आलेला, औषधाला अजून महिनाही झाला नाही, आणि ती विचारते, तोवर मी काय करू? अशा बाईला हातात धरायला काहीतरी हवं.

गोळी मिळाल्यावर लोक बेफिकीर होतात का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. नंतर काही देशांत प्रेप घेणाऱ्यांमध्ये कंडोमचा वापर कमी झाल्याचं आणि दुसरे गुप्तरोग वाढल्याचं दिसलं. म्हणून प्रेप एकटी देत नाहीत. दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी, गुप्तरोगांची तपासणी, मूत्रपिंडाकडे लक्ष. जो माणूस वर्षात चारदा डॉक्टरसमोर बसतो त्याचा परमा आठवड्यात बरा होतो. न बसणाऱ्याचा पसरत राहतो. आपल्याकडे नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, २०२२ मध्ये प्रेपच्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

२०२४ मधली एक चाचणी मला फार शिकवून गेली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवर लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन तपासलं, सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली द्यायचं. २,१३४ तरुणींत एकीलाही लागण झाली नाही. त्याच अभ्यासात रोज गोळ्या घ्यायला दिलेल्या मुलींना मात्र लागण झाली, कारण बहुतेकींच्या गोळ्या सुटल्या होत्या. गोळी वाईट नव्हती. पण घरात डबी सापडली तर आई विचारते, प्रियकर संशय घेतो, शेजारीण बोट दाखवते. इंजेक्शन कोणाला दिसत नाही. लोकांच्या बोलण्याची भीती औषधाला हरवू शकते, हे इतक्या स्वच्छ आकड्यांत मी आधी पाहिलं नव्हतं. आणि असे मेसेज ती भीती घरोघर वाटत फिरतात.

‘गुप्तरोगाला तपासण्या कशाला, अँटिबायोटिक आणा’

गरमीची, म्हणजे सिफिलिसची जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस खूश, दुकानातल्या गोळीने गुण आला. रोग आत असतोच. काही वर्षांनी तो हृदयाला, मेंदूला गाठतो. बाई गरोदर असेल तर बाळ पोटात दगावू शकतं. त्यावर उपाय पेनिसिलिनचं साधं, स्वस्त इंजेक्शन आहे, पण आधी रक्त तपासावं लागतं. परम्याचे जंतू पूर्वी दुकानदार हमखास द्यायचा त्या सिप्रोफ्लॉक्सासिनला आता दाद देत नाहीत, याला अर्धवट घेतलेल्या डोसांचाही हातभार आहे. क्लॅमायडिया तर बऱ्याच बायकांत काही लक्षणच दाखवत नाही, गर्भनलिका बंद झाल्यावर कळतो. मग मूल होत नाही म्हणून बोलणी कोणाला बसतात, ते वेगळं सांगायला नको.

याचा एचआयव्हीशी थेट संबंध आहे. १९९२ मध्ये डॉ. ज्युडिथ वॉसरहाइट यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडून दाखवलं की हे रोग एकमेकांना वाट करून देतात. जखम असली की विषाणूला दार उघडं, आणि सूज असली की त्याला हव्या त्याच पेशी तिथे गोळा झालेल्या. १९९५ मध्ये टांझानियाच्या म्वान्झा भागातून बातमी आली की गावपातळीवर गुप्तरोगांवर चांगले उपचार सुरू केल्यावर नव्या एचआयव्ही लागणी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. चार वर्षांनी युगांडातल्या राकाईत साऱ्या गावांना ठरावीक काळाने सरसकट औषध दिलं, तर एचआयव्ही घटला नाही. दोन्ही खरे. साथ कोणत्या टप्प्यावर आहे आणि रुग्णाला त्रास होताच उपचार मिळतात का, यावर बरंच ठरतं. मी यातून एवढंच घेतलं की त्रास होताक्षणी माणसाला न लाजता जाता येईल असं ठिकाण हवं.

ते ठिकाण आहे. सरकारी दवाखान्यांत त्याला सुरक्षा क्लिनिक म्हणतात. लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटं असतात, राखाडी, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं. पैसे लागत नाहीत. जोडीदारालाही औषध देतात, नाहीतर रोग दोघांत फिरत राहतो. ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढं म्हणायला बाई पदराआड तोंड लपवते आणि वर्षानुवर्षं सोसते, हे मी रोज पाहत होते.

‘परदेशी कंपन्यांचा धंदा’

औषध कंपन्यांनी या रोगावर भरपूर पैसा कमावला, यात मला काही झाकायचं नाही. २००० च्या सुमाराला तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. तो पाडला कोणी? २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले, दिवसाला एक डॉलरहूनही कमी. त्यानंतर आफ्रिकेत लाखो लोकांपर्यंत औषध पोचलं ते बहुतांशी भारतीय कारखान्यांतून. आपल्या एआरटी केंद्रात रुग्णाला एक रुपयाही द्यावा लागत नाही. धंद्याला विरोध असेल तर औषध स्वस्त करणाऱ्यांच्या बाजूने उभं राहावं, औषध बंद करायला सांगू नये.

पाणीपुरीची गोष्ट दोन ओळींत संपते. विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, आणि अन्नातून, पाण्यातून तो पसरतच नाही. कुणाचा ठेला बंद पाडायचा असेल तरच ही गोष्ट उपयोगाची.

‘बाधितांची नावं जाहीर करा’

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. नाव उघड करता येत नाही. नोकरीतून, शाळेतून, भाड्याच्या घरातून या कारणाने काढता येत नाही. आणि बाधितांबद्दल द्वेष पसरवणारा मजकूर छापणं, पसरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुपच्या अ‍ॅडमिननी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

कायदा नसता तरी मी विरोधच केला असता. सीताबर्डीतल्या फळ्यावर नावं लागतात असं कळलं, तर उद्या तपासणीला कोण येईल? जो येत नाही त्याला आपण बाधित आहोत हे कळत नाही. ज्याला कळत नाही तो गोळी घेत नाही, आणि विषाणू दबलेला नसतो तो त्याचाच. मेसेजला ज्या माणसाची भीती वाटते तो औषधावरचा ड्रायव्हर. खरी लागण होते ती, ज्याने अजून तपासलंच नाही त्याच्याकडून.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज टाकणारा माझा वर्गमित्र आहे, वाईट माणूस नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. फोन केला तेव्हा म्हणाला, "अगं, मग लग्नाआधी मुलाची तपासणी मागणं चूक आहे का?" अजिबात नाही. फक्त एकट्या मुलाची मागू नका, दोघांनी मिळून, दोघांच्या मर्जीने करा. लागण होऊन काही दिवसच झाले असतील तर पहिला रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून गरज वाटली तर तीन महिन्यांनी पुन्हा. मेयो, मेडिकल, डागा, कुठेही जा, तपासणी मोफत आहे, निकाल ज्याचा त्याच्याच हातात देतात. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही. आणि कधी चुकून धोक्याचा संबंध आला, कंडोम फाटला, सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा. २८ दिवसांचं औषध असतं, जितकं लवकर सुरू कराल तितकं चांगलं. हे त्याने लिहून घेतलं.

मेसेज त्याने काढून टाकला, पण तोवर तो कुठे कुठे गेला असेल कोण जाणे. ड्रायव्हर परवा नागपुरात आला होता, महिन्याच्या गोळ्या घ्यायला. या वेळी बायको सोबत होती. तिला व्हायरल लोड म्हणजे काय ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. एआरटी केंद्राबाहेरच्या बाकावर बसून मी तिला वरचीच जोडप्यांची गोष्ट सांगितली. तिने एकच विचारलं, "पुण्याच्या त्या बायाइले कोनं इच्यारलं होतं, रक्त देता का म्हनून?" त्यांना विचारलं होतं, आणि त्यांनी हो म्हटलं होतं.